मदत हवी आहे: 'गुन्हेगार'साठी इंग्रजीत कुठला शब्द कधी वापरायचा?

नमस्कार मंडळी. मी परळला रात्रशाळेत दहावीला इंग्रजी शिकवते. परवा एका मुलाने वहीत 'अक्यूज्ड'समोर 'गुन्हेगार' लिहिलं होतं. दिवसभर पार्सलं पोचवून येणारा पोरगा. लाल पेन टेकवलं आणि तशीच थांबले. अक्यूज्ड म्हणजे आरोपी. कोर्टाने दोषी ठरवलं तरच तो कन्व्हिक्ट. हा फरक या मुलांना पक्का कळलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चोरांचं जमतं. थीफ चोर, बर्गलर घरफोड्या, रॉबर म्हणजे मारहाण करून किंवा धाक दाखवून लुटणारा. डकॉइट तर आपल्या 'डाका'वरूनच इंग्रजीत गेला. दरोड्याला कायद्याने किमान 5 जण लागतात.

अडतंय ते कल्प्रिट आणि ऑफेंडर यांच्यात. दोन्हींना 'अपराधी' म्हटलं की मुलं गोंधळतात. शिवाय कायदा मोडलेला नाही, पण नीती सोडली आहे, अशा माणसाला काय म्हणायचं? सिनरला धर्माचा वास येतो, स्काउंड्रल जुनाट वाटतो. रोजच्या बोलण्यातला शब्द सुचवाल का, वाक्यासकट? शुक्रवारी पुढचा तास आहे.