पदवीवरून मत ओळखता येतं का? (पडवीत झालेल्या एका भांडणावरून)

कातळावरचा

यंदा गणपतीत आमच्या पडवीत भजनापेक्षा भांडणच जास्त रंगलं. समोर पुतण्या, पिंपरीला इंजिनियर. विषय नेहमीचाच, रिफायनरी. आमचं घर देवगड तालुक्यात. राजापूर तालुक्यातल्या नाणारला ती व्हायची होती, आणि त्या मूळ आराखड्यात आमच्या बाजूची गिर्ये, रामेश्वर ही गावंही होती. भूसंपादनाची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली, पण विषय काही रद्द होत नाही. २०२३ ला रिफायनरीची नवी जागा म्हणून बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं आणि घराघरांत पुन्हा दोन तट.

पुतण्याचं म्हणणं असं, की विरोध करणारे अडाणी आहेत, शिकले असते तर त्यांचं मत वेगळं झालं असतं. वर मोबाईलवर संशोधन दाखवलं. ब्रिटनमध्ये १९७० साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची दहाव्या वर्षी बुद्धिमापन चाचणी झाली, आणि तीच मुलं तिशीला आल्यावर त्यांना मतं विचारली. लहानपणी हुशार ठरलेली मुलं मोठेपणी सरासरीने जास्त उदारमतवादी निघाली: वंशभेद नको, बायकांनी नोकरी करावी, अधिकाऱ्यापुढे उगाच मान तुकवू नये वगैरे. इयान डियरी आणि सहकाऱ्यांनी हे २००८ साली प्रसिद्ध केलं.

मी निवृत्त गणित शिक्षक. मला हे पटत नाही. हुशारीने मत ठरत नाही, ठरलेलं मत हुशारी नीट राखते, एवढंच. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले दोन गणिती घ्या. टिळक, गणितात पहिल्या वर्गातले पदवीधर. रँग्लर परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय. मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या १८९१ च्या बिलाला टिळकांनी कडाडून विरोध केला. परांजपे पक्के नेमस्त आणि बुद्धिवादी. गणित एकच, राजकारणाची टोकं दोन.

मग मी पुतण्यावर एक प्रयोग केला. तो माझा नव्हे, डॅन काहान नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाचा. त्यांनी हजारावर लोकांना एक कोष्टक दिलं. अंगावरच्या पुरळाला मलम लावलं त्यांतले २२३ सुधारले, ७५ बिघडले. न लावलेल्यांत १०७ सुधारले, २१ बिघडले. मलम गुणकारी का? घाईत बघणारा २२३ बघून ‘हो’ म्हणतो. भागाकार केला तर लावलेल्यांत शंभरी ७५ सुधारले, न लावलेल्यांत ८४. मलमाने नुकसानच. पुढे तसंच कोष्टक बंदुकांवरची बंदी आणि गुन्हे यांच्या नावाने दिलं, आणि तिथे गणितात पक्क्या माणसांतच राजकीय मतांप्रमाणे सर्वांत मोठी फूट पडली. पहिल्या नजरेतलं उत्तर सोयीचं असेल तर तिथेच थांबायचं, गैरसोयीचं असेल तर भागाकार करायचा.

मी मलमाच्या जागी आंब्याची कलमं घातली, तुडतुड्यावर फवारणी केलेली आणि न केलेली. पुतण्याने अर्ध्या मिनिटात भागाकार करून फवारणी फुकट ठरवली. शाबास. मग तेच चार आकडे ‘कारखाना आलेली गावं, न आलेली गावं, रोजगार वाढला, घटला’ असे मांडले. तो २२३ वर थांबला. ‘बघा काका, रोजगार वाढतो.’

आता बोला.

सुरंगी

मास्तर, मी रत्नागिरीत मानसशास्त्र शिकवते, तेव्हा थोडं लांबेल.

टिळक-परांजपे हे उदाहरण वर्गात टाळी घेणारं आहे, पण उत्तर नाही. हापूस पायरीपेक्षा महाग असतो म्हटलं की तुम्ही एक डागी हापूस काढून दाखवताय. प्रश्न सरासरीचा आहे, दोन माणसांचा नाही. आणि सरासरीत संबंध दिसतो, पुन्हा पुन्हा दिसतो. मोठा नाही, पण दिसतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली सख्ख्या भावंडांची तुलना केली. घर एक, आईबाप एक, तरी चाचणीत पुढे असलेलं भावंड सरासरीने जास्त उदारमतवादी. ‘घरच्या वातावरणाचा परिणाम’ म्हणून हे झटकता येत नाही.

पुतण्याही चुकतोय, पण वेगळ्या जागी. ‘उदारमतवादी’ म्हणजे ‘रिफायनरीवादी’ हे त्याला कोणी सांगितलं? अमेरिकेतल्या पाहण्यांवर नोआ कार्ल यांनी २०१४ साली काम केलं. त्यात शब्दज्ञानात पुढे असलेले लोक सामाजिक बाबतीत मोकळे होते, आणि आर्थिक बाबतीत सरकारने बाजारात फार हात घालू नये अशा मताचे. म्हणजे एक पाय डावीकडे, एक उजवीकडे. आपल्याकडच्या कुठल्या पक्षाच्या पेटीत हे मत बसतं, ते सांगा.

आणखी एक. शिक्षण आणि बुद्धी ही दोन वेगळी गाठोडी नाहीत. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात सहा लाखांवर माणसांची माहिती होती. शाळेचं प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यांक एक ते पाच गुणांनी वाढवतं, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा ‘अडाणी’ म्हणताना आपण मेंदू मोजतोय की गावात हायस्कूल कधी आलं ते मोजतोय?

रापणकार

माझो बापूस चौथी शिकलो. एलईडी लायटीचे ट्रॉलर इले की आमच्या रापणीत काय गावणा नाय, ह्यां तेका कळता. तेच्यासाठी पदवी कशाक व्हयी? आमचां मत मासळीवरसून ठरता, पुतण्याचां पगारावरसून. दोगय सारकेच हुशार.

वाशिष्ठीकाठ

आला! कोकणातल्या प्रत्येक वादात एक न शिकलेला शहाणा बाप येतो. राग मानू नका रापणकार, माझाही होता. पण त्याच बापाने पतपेढीत पैसे ठेवताना कागद वाचला नाही, आणि ती बुडाली. पोटाचं कळणं आणि कागदाचं कळणं यांत फरक आहे. कुठल्याही प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल शेकडो पानांचा असतो. तो न वाचता ‘हो’ म्हणणारा आणि न वाचता ‘नको’ म्हणणारा मला सारखेच वाटतात.

रापणकार

अहवाल वाचूक हरकत नाय. मराठीत खय गावता तां सांगा.

मंडणगडची

‘शिक्षणाने मत ठरत नाही’ असं म्हणायची चैन ज्यांच्या घरी चार पिढ्या शाळा आहे त्यांना परवडते.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच तालुक्यातलं. माझे पणजोबा खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदाराच्या, दारात जोडे काढून उभे राहायचे आणि ते त्यांना गैर वाटत नव्हतं, असं आजोबा सांगायचे. आजोबा सातवी शिकले, मुंबईला गेले, रात्री चाळीत पेपर वाचून दाखवायचे. त्यांना ते गैर वाटू लागलं. पणजोबांना डोकं नव्हतं का? होतं. त्यांचा पोटावरचा हिशेबही चोख होता: खोताशी वाकडं घेतलं तर पुढच्या साली जमीन नाही. रापणकार म्हणतात ते ‘पोटावरून ठरणारं मत’ आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खोताच्या बाजूने पडत होतं. अक्षर आल्यावर ते फिरलं.

१९२७ ला महाडच्या तळ्यावर गेलेल्यांत पुष्कळ जण निरक्षर असतील, मान्य. पण १९३७ साली खोती रद्द करायचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडायला कोलंबिया आणि लंडन शिकून आलेला बॅरिस्टरच लागला.

कातळावरचा

मंडणगडची, पहिलं वाक्य लागलं. लागायलाच हवं होतं.

पण चरीचा संप? अलिबागजवळ, १९३३ ते १९३९. पंचवीसेक गावांच्या कुळांनी सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, ठीक. पण मागे जी हजारो माणसं करवंदं आणि खाडीची मासळी खाऊन टिकली, त्यांतल्या किती जणांना सही येत होती? आणि शिकलेली मंडळी त्या काळी बहुतेक सावकार-खोतांच्या घरांतच होती.

मंडणगडची

मग संप चालू असतानाच १९३७ ला पाटलांना ‘कृषीवल’ हा पेपर का काढावा लागला? वाचणारे नव्हते तर छापलं कोणासाठी?

एक जण वाचायचा, वीस जण ऐकायचे. शिक्षण असंही पसरतं. तुमच्या त्या संशोधनांत ऐकणाऱ्या विसांचा रकाना असतो का?

सुरंगी

नसतो. हा मुद्दा मी उद्या वर्गात वापरणार आहे, तुमचं नाव न घेता, कारण मला ते ठाऊक नाही.

खाडीपलीकडे

तुमच्या ब्रिटन-मिनेसोटाला माझं राजापूर, सिंधुदुर्ग ज्यात होता तो जुना लोकसभा मतदारसंघ. १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै, तीनदा. १९७१ पासून मधु दंडवते, पाचदा, तेही पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. म्हणजे जेव्हा आमच्याकडे निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती तेव्हा मतदार समाजवाद्यांना निवडून देत होता. १९९१ ला दंडवते पडले, १९९६ पासून शिवसेना. आणि २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता ८५.५६ टक्के, राज्याच्या ८२.३४ पेक्षा वर. शाळा वाढल्या आणि मतदारसंघ डावीकडून उजवीकडे गेला. हुशार माणूस डावीकडे झुकतो म्हणता, तर मग आमचं डोकं आटलं म्हणायचं की काय?

शिवाय लोकनीती या संस्थेच्या निवडणूक पाहण्या बघा. २०१४ आणि २०१९ ला भाजपला निरक्षरांपेक्षा महाविद्यालयीन शिक्षण झालेल्यांत जास्त पाठिंबा होता. इंग्लंड-अमेरिकेत आज पदवीधर डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे.

सुरंगी

गावाची सरासरी आणि माणसाचं डोकं यांची गल्लत होतेय. साक्षरता वाढताना त्याच काळात गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळातून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या, चाकरमान्यांबरोबर मुंबईतली शाखा गावात आली. नुसती साक्षरता उचलून कशी चालेल?

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र खरा आहे आणि माझ्या बाजूला टोचतो. पश्चिमेतही हे कायमचं नव्हतं. अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि सहकाऱ्यांनी एकवीस देशांची १९४८ पासूनची आकडेवारी जुळवली. १९५०-६० च्या दशकांत तिथले जास्त शिकलेले उजव्या पक्षांना मत देत होते, हळूहळू ते डावीकडे सरकले. पैसेवाले मात्र उजवीकडेच राहिले. पदवीचा काटा एका पिढीत फिरला, माणसाचा मेंदू तर तोच होता. त्यामुळे माझी भूमिका थोडी आवरते: बुद्धीचा संबंध पक्षाशी फार कच्चा, काही सामाजिक मतांशी बरा. डियरींच्या अभ्यासात विचारलेली मतं तीच होती, कर किंवा कारखाने नव्हेत.

वाशिष्ठीकाठ

मतदानाला कोण जातं तेही बघा. २०२४ ला दक्षिण मुंबईत कसंबसं पन्नास टक्के, रत्नागिरी-सिंधुदुर्गात साठच्या वर. आमच्याकडे तर यादीतली निम्मी नावं मुंबईला राहतात, तरीही. शिकलेल्यांचं मत काय हे शोधताय, आधी ते पेटीत पडतं का बघा.

पिंपरीकर चाकरमानी

काका, धागा आईने पाठवला. तोच तो पुतण्या.

‘अडाणी’ हा शब्द माझा. रागात होतो, मागे घेतो. मंडणगडची यांचं वाचल्यावर तर घ्यायलाच हवा.

पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. तुम्ही भजनाला उठलात तेव्हा मी कॅलेंडरच्या मागे तेच चार आकडे लिहिले. कारखाना आलेली गावं: आंब्याचं उत्पन्न घटलेली २२३, न घटलेली ७५. न आलेली गावं: घटलेली १०७, न घटलेली २१. तुम्ही परत आलात, चष्मा लावलात आणि म्हणालात, ‘हे बघ, आंबा गेलाच.’ भागाकार केला असता तर कारखाना नसलेल्या गावांत आंबा जास्त गेला होता. तीस वर्षं गणित शिकवलंत तुम्ही. मी नुसता हसलो, कारण आरती सुरू झाली होती.

आणि एक सांगू? वाडीत आता पडवी राखायला म्हातारे उरलेत. पेन्शन, मुलांचे पैसे, चार कलमं. त्यांना ‘प्रकल्प नको’ परवडतं. माझ्याबरोबर दहावी झालेली सगळी मुलं वाशी, पनवेल, पुण्याला आहेत. ती मतं द्यायला येत नाहीत, म्हणून मोजलीही जात नाहीत.

रापणकार

ह्यां बरोबर बोललो झील. प्रकल्प माका नको तो नकोच, पण ह्यां बरोबर.

कातळावरचा

झालं ते तसंच. समईच्या उजेडात आकडे नीट दिसले नाहीत असं म्हणणार होतो, पण ट्यूबलाइट लागलेली होती.

बारा वर्षं नववी ‘अ’ ला गुणोत्तर शिकवलं. मुलगा भागाकार न करता उत्तर द्यायचा तेव्हा मी पट्टी उगारायचो. माझं म्हणणं मात्र माझ्याच नाकावर आपटून सिद्ध झालं, हे सुरंगीताईंनी लक्षात घ्यावं.

सुरंगी

घेतलं. दोन माणसांवरून सिद्ध होत नाही, हे तुम्हीही घ्यावं.

पिंपरीकर चाकरमानी

शिमग्याला येतोय. पुन्हा करू. ह्या वेळी अख्ख्या वाडीला विचारू, आकडे मी आणतो.

कातळावरचा

आकडे तू नको, मीही नको. मंडणगडची, तुम्ही काढून द्याल का? विषयही तुम्हीच ठरवा. आम्हाला आधी सांगू नका.

मंडणगडची

देते. पण सोबत आणखी एक रकाना असेल, आणि तो कशाचा ते शिमग्यालाच कळेल.