सागरगोट्याची जाळी: ठेवावी की काढावी?

प्रश्न (वेंगुर्ला): आमच्या बागेच्या समुद्राकडील गडग्यावर सागरगोट्याची जाळी माजली असून तिच्या फांद्या आता हापूसच्या कलमांवर चढू लागल्या आहेत. ती कुंपण म्हणून राखावी का, आणि तिच्या बियांचा औषधात उपयोग कसा करतात?

उत्तर १: अवश्य राखावी, गुरे अडवणारे याहून चांगले कुंपण किनाऱ्यावर मिळणे कठीण. हे झुडूप स्वतःच्या बळावर फारसे उभे राहत नाही. खोडावरच नव्हे, तर पानांच्या दांड्यांवरही असलेल्या आकड्यांसारख्या काट्यांनी ते शेजारच्या झाडाला धरून वर चढते, म्हणून कलमांच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी छाटाव्यात. काटेरी शेंगेतील राखाडी, गुळगुळीत बी पाण्यावर तरंगते, त्यामुळे समुद्रानेच ते उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांवर पसरवले आहे. नवे रोप हवे असल्यास बी दगडावर घासून रात्रभर भिजवावे. एरवी त्या कवचातून पाणी आत शिरत नाही.

उत्तर २: बी भाजून फोडतात आणि आतला अतिशय कडू मगज मिरपुडीबरोबर पाळीच्या, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या, तापात देतात. जंतांवरही तो देतात, तर अंडवृद्धीच्या सुजेवर एरंडेल तेलातून त्याचा लेप लावतात. तथापि, थंडी वाजून ताप आल्यास आधी रक्त तपासून घ्यावे, कारण हिवतापाच्या उपचारात दिरंगाई जिवावर बेतते. गरोदर स्त्रियांना तर हा मगज मुळीच देऊ नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पाऊस ओसरल्यावर कलमांकडील बाजू छाटून घेतो.