पहिली पिशवी : मदतीचं धान्य घ्यायला गेलात तो दिवस

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं धान्य केंद्र आहे. पुढच्या खोलीत जवारी-तांदळाच्या कोठ्या, तूरडाळ, तेलाचे पुडे. मागच्या खोलीत एक टेबल, तिथे रेशनकार्डापासून निराधार योजनेपर्यंतचे अर्ज भरून देतात. भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो, खाली त्यांच्या दशसूत्रीतली पहिली ओळ, ‘भुकेलेल्यांना अन्न’. सोमवारी रजिस्टर माझ्याकडे असतं.

खिडकीतून समोरची चहाटपरी दिसते. पहिल्यांदा आलेलं माणूस लगेच ओळखू येतं. पिशवीची घडी काखेत, अर्धा तास टपरीपाशी उभं, चहा मात्र घेत नाही. दुसऱ्यांदा येणारे सरळ आत येतात. मला त्या अर्ध्या तासाबद्दल वाचायचं आहे. तुमचा कसा गेला, आत काय झालं, पुढे कागदपत्रांचं काय झालं, खाली या धाग्यावर लिहा. नावं नकोत. माझं मी शेवटी लिहीन.

यवतमाळ जिल्हा

माह्या नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं तेव्हा पऱ्हाटी (कापूस) फुलावर होती. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तं सरकारची एक लाखाची मदत असते, पण आमची केस अपात्र झाली. कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानावाल्या सावकाराचं लागते. आमचं होतं कृषी केंद्राची उधारी अन् सोयऱ्यायचे हातउसने. ते कोनी धरत नाही.

तेरवी झाली, पाव्हणे गेले, अन् डब्यात पीठ नाही. शेजारीण म्हणे केंद्रावर जाय. मी म्हटलं, तीन एकर वावर हाय आमचं, मी का भिकारीण हाय का? चार दिवस लेकरायनं कण्या खाल्ल्या, मीठ टाकून. पाचव्या दिवशी गेली. तालुक्याले गेली, गावात कोनी पाहू नाही म्हणून, अन् तिथंच माहेरची एक बाई भेटली. तीबी पिशवी घेऊनच आलती. दोघी एकमेकीले पाहून दवाखान्यात आलो म्हणून सांगत बसलो!

आतल्या ताईनं काय झालं, कसं झालं काही इचारलं नाही. तिनं इचारलं, “कार्ड कोणाच्या नावावर आहे?” मले त्याच्यानंच रडू आलं. कार्ड सासऱ्याच्या नावावर, आमी येगळे, अन् आमच्या वाट्याचं धान्य तिकडेच जाय. दोन वर्षं जाऊन राहिलं होतं, मले माहीतच नाही.

मंग कागदं सुरू झाले. मृत्यूचा दाखला, कार्ड येगळं करणं, उत्पन्नाचा दाखला, निराधार योजनेसाठी तो वर्षाले २१ हजाराच्या आतच पाहिजे. तलाठ्याकडे किती खेटे झाले ते मोजले नाही. एकदा दाखल्यावर माह्या नावात एक काना जास्त आला, त्या कान्यापायी दीड महिना गेला. सात महिन्यांनी संजय गांधी निराधारचे पैसे आले. आधी हजार-बाराशे, २०२३ पासून दीड हजार. आमच्याकडे लोक त्याले ‘निराधारचा पगार’ म्हणतात, जसं काही मी नोकरीवरच लागली. ते सात महिने पिशवी नेली. कार्ड झालं तशी बंद केली. पण खरं सांगू, पिशवीनं पंधरा दिवस निघाले, कार्डानं वर्ष निघते.

गोंदिया जिल्हा

आमचं अंत्योदय कार्ड, महिन्याला ३५ किलो. २०२३ पासून पैसेही लागत नाहीत. पण आईचा अंगठा मशीनवर उठत नाही. पन्नास वर्षं धानाचा रोवणा केला, रेषा राहिल्याच नाहीत. दुकानदार आधी म्हणे सर्वर नाही, मग म्हणे अंगठा नाही. दोन महिने उसन्या तांदळावर काढले. मदत केंद्रातला पोरगा सोबत तहसीलला आला, कार्डावर नातवाचं नाव चढवून आधार जोडून दिलं, आता त्याच्या अंगठ्यावर मिळते. केंद्राची पिशवी एकदाच घेतली. तुम्ही लिहिता तशी लाज मला नाही वाटली. राग होता.

धारणी, मेळघाट

मी कोरकू. आमच्या लहानपणी गावातच धान्याची कोठी होती, ग्राम धान्य कोष. श्रावण-भादव्यात घरातलं संपायचं, नवीन मका-जवारी यायला वेळ असायचा. आई दोन पायल्या उचलायची, पीक आलं की दोन पायल्या परत टाकायची, वर दोन ओंजळी. ‘उचल’ म्हणायचे, मदत नाही. त्यामुळे तुमच्या टपरीवाल्या अर्ध्या तासाची गोष्ट मला नवीन आहे.

पण एका वर्षी पीक बसलं आणि परत टाकायला काही नव्हतं. त्या वर्षी आई कोठीवरून जाणारा रस्ता सोडून नाल्याकडून फेर घेऊन पाणी आणायची. तिला कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

माझ्या बायकोला दोन्ही बाळंतपणांत अंगणवाडीत अमृत आहार योजनेतलं एक वेळचं जेवण मिळालं. तिथे गरोदर बाया एका ओळीत बसतात. गरीब कोण, थोडी बरी कोण, हा प्रश्नच येत नाही. मला ती पद्धत पटते.

चंद्रपूर जिल्हा

२०२० चा मे महिना, लॉकडाऊन. किट घ्यायला आईसोबत गेलो. पाच किलो तांदूळ, डाळ, हळद-तिखट, आणि फोटो. आमच्या हातात किट, किटवर चार पाहुण्यांचे चार हात, मागे बॅनर. आईने पदर तोंडावर ओढला तर एकजण म्हणाला, “मावशी, चेहरा दिसू द्या.” तो फोटो आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आला. तांदूळ चांगला होता, हे कबूल करतो.

आता मी नोकरीला आहे. जवळच्या केंद्रात दरमहा डाळ देतो, चांगली देतो. घरात कोणी खात नाही ते सोंडे झालेलं धान्य दान म्हणून आणणारे मी तिथे पाहिले आहेत. अट एकच घातली, फोटो नाही. एका दिवाळीला त्यांनी माझाच काढायचा म्हटला!

अमरावती जिल्हा

केशरी कार्डवाल्यांचंही लिहा कोणीतरी. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत आम्हा शेतकऱ्यांना दोन रुपये गहू, तीन रुपये तांदूळ मिळायचा. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिन्याला दीडशे रुपये खात्यात देण्याचं ठरलं. दीडशे रुपयांत पाच किलो धान्य कोणत्या दुकानात यायचं? आणि खात्यातले पैसे आधी किराण्याला जातील की फवारणीला, हे ज्याच्या घरात वावर आहे त्याला विचारा.

धागाकर्ती

माझं लिहायचं राहिलं. तेही २०२० चंच. नवऱ्याचं शिवणकाम बंद, लग्नसराई गेली, घरात मोजून दीड किलो तूरडाळ. केंद्रात रिकाम्या हाताने जाववेना. मग अर्धा किलो डाळ बांधली आणि टपरीपाशी उभं राहून ठरवलं, आपण दान द्यायला आलोय असं सांगायचं. तसंच सांगितलं. रजिस्टरवर तेव्हा एक म्हातारे काका होते. त्यांनी डाळ तोलली, ‘जमा’च्या रकान्यात माझं नाव लिहिलं, सही घेतली. मी वळले तर म्हणाले, “थांबा. लेकीबाळींचं भांडं आपण रिकामं पाठवतो का?” आणि पिशवीत जवारी ओतायला लागले. पाच किलो, तेलाचा पुडा, वर माझीच डाळ.

पुढच्या खेपेला मी पुन्हा काहीतरी न्यावं म्हणून घरभर शोधलं. काही सापडलं नाही. शेवटी झाडू घेऊन गेले आणि दोन्ही खोल्या झाडून काढल्या. फोटोतल्या बाबांकडे बघवत नव्हतं, झाडून झाल्यावर बघितलं. सोमवारची ड्युटी तेव्हापासूनची.

त्या वर्षीचं रजिस्टर परवा कपाटात सापडलं. ‘जमा’त माझी अर्धा किलो डाळ आहे. ‘उचल’च्या रकान्यात त्या तारखेला पाच किलो जवारी लिहिलेली आहे, नावाच्या जागी फक्त ‘गावातलं घर’. आता मीही पहिल्या खेपेला तसंच लिहिते.