मदत हवी आहे: घरच्या कॉम्प्युटरवर मुलांना नको त्या साइट्स कशा बंद कराव्यात? (विंडोज ११ होम)

घाटवाट:
घरात एकच डेस्कटॉप आहे, विंडोज ११ होम. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. गृहपाठ आणि यूट्यूबवरचे धडे यासाठी दोघांनाही रोज नेट लागतं, त्यामुळे नेटच बंद ठेवणं जमणार नाही. राउटरमध्ये १.१.१.३ हा नको त्या साइट्स गाळणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) टाकला आहे, तरी नको त्या साइट्स उघडतात. सगळे एकाच खात्यातून लॉगिन करतात, ब्राउझर क्रोम. विकतचं सॉफ्टवेअर घेण्याआधी विंडोजमध्ये जे आहे त्यातच भागेल का? आणि राउटरमध्ये नेमकं काय चुकतंय?

केवडा:
भागेल. पण डीएनएसच्या आधी खात्यांचं बघा. एकच खातं आहे म्हणजे ते नक्की अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, आणि अ‍ॅडमिन खात्यात बसलेलं मूल तुम्ही लावलेली कुठलीही सेटिंग दोन मिनिटांत काढू शकतं.

सेटिंग्ज – अकाउंट्स – फॅमिली इथे जाऊन दोन्ही मुलांची वेगवेगळी चाइल्ड खाती तयार करा. मायक्रोसॉफ्टचं खातंच हवं, लोकल (त्या कॉम्प्युटरपुरत्या) खात्याला फॅमिली सेफ्टी, म्हणजे मायक्रोसॉफ्टची मुलांवर बंधनं घालायची सोय, लागू होत नाही. मुलांची खाती स्टँडर्ड प्रकारचीच (अख्ख्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज बदलता न येणारी) ठेवा. आत्ताचं खातं तुमच्याकडे राहू द्या, त्याचा पिन बदला आणि मुलं शेजारी असताना तो टाकू नका. मुलांना जुनंच खातं द्यायचं असेल, तर आधी दुसरं अ‍ॅडमिन खातं तयार करून त्यात एकदा लॉगिन करून बघा, मगच जुनं स्टँडर्ड करा. या क्रमात घाई नको.

आता फॅमिली सेफ्टीमध्ये मुलाच्या नावावर जाऊन अयोग्य साइट्स आणि सर्च गाळण्याची सोय चालू करा. हे गाळणं फक्त एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये चालतं. म्हणून ते चालू केलं की क्रोमसारखे इतर नेहमीचे ब्राउझर त्या खात्यात आपोआप अडवले जातात. बऱ्याच पालकांना ही अडचण वाटते. माझ्या मते ८ आणि ११ या वयांसाठी हाच मोठा फायदा आहे, कारण काही ब्राउझर अ‍ॅडमिनच्या पासवर्डशिवायही स्वतःच्या खात्यात बसवता येतात आणि ती वाट इथे बंद होते.

धाकट्यासाठी ‘फक्त परवानगी दिलेल्या साइट्स’ हा पर्याय निवडा. एक सांगून ठेवते: शाळेची साइट यादीत घातली तरी तिच्यातला व्हिडिओ दुसऱ्याच साइटवरून येत असेल, तर त्या जागी रिकामी चौकट दिसेल. अशा वेळी ती दुसरी साइटही यादीत घालावी लागते. पहिला आठवडा हे होत राहील, वैतागून सगळं बंद करू नका.

लिंबोणी:
राउटरचं कोडं बहुतेक आयपीव्ही६ चं आहे. नेटवरचे पत्ते दोन पद्धतींचे असतात, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. १.१.१.३ हा आयपीव्ही४ चा पत्ता. नेट कंपनीकडून आयपीव्ही६ सुद्धा येत असेल तर त्याच्याबरोबर कंपनीचा स्वतःचा डीएनएसही येतो, आणि कॉम्प्युटर त्यालाच विचारून मोकळा होतो. तुमचा फिल्टर जागेवर असतो, पण त्याच्याकडे कुणी जातच नाही.

खात्री करून घ्या. स्टार्टमध्ये सीएमडी (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एनएसलुकअप लिहून, जागा सोडून, न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम असं टाइप करा. हा चाचणीसाठीच ठेवलेला पत्ता आहे, घाबरू नका. उत्तरात ०.०.०.० आलं तर फिल्टर चालू आहे. दुसरा कुठला पत्ता आला, तर वर सर्व्हरच्या खालची ओळ वाचा. ती एफई८० ने सुरू होत असेल किंवा तिच्यात ठिपक्यांऐवजी कोलन असतील, तर प्रश्न आयपीव्ही६ वाटेने जातो आहे.

घाटवाट:
करून बघितलं. सर्व्हरपुढे ‘अननोन’ आणि खाली एफई८० ने सुरू होणारा पत्ता. ०.०.०.० आलं नाही. राउटर कंपनीनेच दिलेला आहे, त्यात आयपीव्ही६ चा डीएनएस बदलायची जागाच दिसत नाही.

लिंबोणी:
मग कॉम्प्युटरवरच लावा. सेटिंग्ज – नेटवर्क अँड इंटरनेट – इथरनेट (वाय-फाय असेल तर वाय-फाय, त्यात हार्डवेअर प्रॉपर्टीज) – डीएनएस सर्व्हर असाइनमेंट – एडिट – मॅन्युअल.
आयपीव्ही४ चालू करून: १.१.१.३ आणि १.०.०.३
आयपीव्ही६ चालू करून: २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३
आकडे अर्थातच इंग्रजी टाकायचे.

दुसऱ्या रकान्यात ‘असू दे म्हणून’ गूगलचा ८.८.८.८ टाकू नका. ही चूक फार जण करतात. पहिल्याकडून उत्तर यायला उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारतं, आणि तो काहीच गाळत नाही. मग साइट कधी उघडते, कधी उघडत नाही आणि कारण सापडत नाही.

वाय-फाय असेल तर सध्याच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये न टाकता हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्येच टाका. नेटवर्कपुरतं टाकलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडताच फिल्टर गेला. शेवटी सीएमडीत आयपीकॉन्फिग, जागा सोडून स्लॅश फ्लशडीएनएस द्या, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा आणि तीच चाचणी पुन्हा करा.

सुतळी:
मुलीला पुढे क्रोम द्यायचा असेल तर त्यातल्या ‘सिक्युअर डीएनएस’कडे लक्ष ठेवा. तिथे यादीतून दुसरा डीएनएस निवडला की क्रोम विंडोजला विचारतच नाही, आणि हे करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही.

ही वाट बंद करायची तर क्रोमवर नियम लादावे लागतात. होम आवृत्तीत त्यासाठीची ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, म्हणून अ‍ॅडमिन खात्यातून रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं साधन) उघडावा लागेल. आधी फाइल – एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा. एचकी लोकल मशीन – सॉफ्टवेअर – पॉलिसीज इथे ‘गूगल’ आणि त्याच्या आत ‘क्रोम’ अशी की (फोल्डरसारखा कप्पा) तयार करा. तिच्यात ३२ बिटांचे डीवर्ड (आकडा ठेवायच्या नोंदी):
इन्कॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी = १
ब्राउझर गेस्ट मोड एनेबल्ड = ०
फोर्स गूगल सेफ सर्च = १
फोर्स यू ट्यूब रिस्ट्रिक्ट = १ (२ केलं तर फारच कडक, धड्यांचे व्हिडिओही गायब होतात)
आणि एक स्ट्रिंग (शब्द ठेवायची नोंद): डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस मोड, किंमत ऑफ, लहान लिपीत.
नावं इंग्रजीत, सलग लिहायची, प्रत्येक शब्दाचं पहिलंच अक्षर मोठं. डीएनएस आणि एचटीटीपीएस यांचंही पहिलंच.

व्हीपीएनची (फिल्टरला वळसा घालून दुसऱ्या वाटेने नेट देणारी) एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरची जोडसाधनं, हे उरलेलं भोक. क्रोम कीच्या आत ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट’ अशी की करून तिच्यात १ नावाची स्ट्रिंग घाला, किंमत नुसतं तारांकन (*). सगळी एक्स्टेन्शन्स बंद होतात. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी टाइप केलं की लागू झालेल्या ओळी दिसतात. एखादी दिसली नाही तर स्पेलिंग तपासा.

केवडा:
सुतळींनी सांगितलेलं यूट्यूबचं बंधन लागलं की व्हिडिओखालच्या कमेंट्सही दिसत नाहीत. ते बिघडलेलं नाही, तसंच असतं.

आणि डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं, आतलं पान कळत नाही. चांगल्या साइटच्या एका कोपऱ्यात काही भलतं असेल तर ते दिसणारच. त्यासाठी मुलीला आजच साधं सांगून ठेवा: असं काही उघडलं तर खिडकी बंद कर आणि मला सांग, मी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका. एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी ती सांगायला येत नाही, आणि मग तुमच्याकडे कुठलाच फिल्टर उरत नाही.

घाटवाट:
दोन्ही पत्ते टाकले, आता उत्तर ०.०.०.० येतंय. खाती वेगळी केली. मुलांना एज, क्रोम फक्त माझ्या खात्यात. एक विचारायचं राहिलं: पेनड्राइव्हवरून दुसरीच सिस्टिम चालू केली तर?

लिंबोणी:
तर यातलं काहीच लागू नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पासवर्ड लावा आणि यूएसबीवरून बूट, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होणं, बंद करा. पण त्याआधी सेटिंग्ज – प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवायची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघून कागदावर उतरवून ठेवा. बूटच्या सेटिंग्ज हलवल्यावर पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं, आणि की जवळ नसेल तर तुम्हीच बाहेर राहाल.