फोकस स्टॅकिंग : चवड, उतरंड की वेचणी?

प्रश्न
मंडळी, कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मॅक्रो फोटोग्राफीवर लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीये. मृगाच्या किड्याचे (तोच तो लाल मखमली) ४२ फोटो काढले, प्रत्येक फोटोत फोकस केसभर मागे सरकवलेला, मग सगळे सॉफ्टवेअरमध्ये घालून एकच फोटो केला, ज्यात तोंडापासून पाठीपर्यंत सगळं शार्प आहे. ह्या फोकस स्टॅकिंगला मराठीत काय म्हणू? भाषांतराच्या ॲपने 'लक्ष रचणे' असं दिलंय, ते वाचून पोरं हसतील.

प्रतिसाद १
दहावीच्या पुस्तकात भिंगांच्या धड्यात फोकसला नाभी म्हटलंय. मुख्य नाभी, नाभीय अंतर वगैरे. त्यामुळे 'नाभीय रचना' चालावं.

प्रतिसाद २
दादा, नाभीय रचना म्हटलं की लोकांना बेंबीच आठवणार :) आणि गंमत सोडा, अर्थही जुळत नाही. पुस्तकातली नाभी म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात तो बिंदू. आपण 'डोळा फोकसमध्ये आलाय' म्हणतो तेव्हा डोळा काही नाभीवर नसतो, एकास एक मॅक्रोत (म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या मापाचा उमटतो तेव्हा) तर तो साधारण दुप्पट नाभीय अंतरावर असतो. 'फोकस' रुळलाय तो राहू दे, खरा प्रश्न स्टॅकचा आहे.

प्रतिसाद ३
स्टॅकला मराठीत शब्द कमी नाहीत, उलट जास्तच आहेत. नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, कडब्याची गंजी, मडक्यांची उतरंड, भाकऱ्यांची चवड. आमच्याकडे कोणी 'भाकरीची थप्पी' म्हटलं तर आजी अजून दुरुस्त करते. माझं मत चवडीला, कारण एकसारख्या पातळ चकत्या एकावर एक, आणि इथे प्रत्येक फोटोत शार्प भाग तसाच चकतीएवढा असतो. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एकास एकला भिंगाचं छिद्र एफ ८ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर. बरं, छिद्र आणखी बारीक, एफ १६ करून भागवावं तर प्रत्यक्षात ते एफ ३२ च्या आसपास जातं आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) अख्खा फोटोच मऊ पडतो. म्हणून तर ही सगळी खटपट.

प्रतिसाद ४
चवड छान आहे पण फोटो एकसारखे नसतात हो! फोकस सरकवला की किडा प्रत्येक फ्रेममध्ये किंचित लहानमोठा होतो, सरकत्या रेलवर कॅमेरा पुढे नेला तरी तेच. सॉफ्टवेअरला आधी सगळ्या फ्रेम ताणून-आक्रसून एका मापाच्या करून घ्याव्या लागतात. त्या हिशोबाने खरी तर ती उतरंड, अलाइन झाल्यावर तिची चवड होते.

प्रतिसाद ५
वर सगळे रचण्यावरच बोलतायत, पण रचणं ही फक्त तयारी आहे ना. सॉफ्टवेअरचं खरं काम त्याच्या पुढचं, फोटोतल्या प्रत्येक जागेसाठी ४२ पैकी कुठल्या फ्रेममध्ये बारकावा जास्त आहे ते बघायचं आणि तेवढंच उचलायचं. आई ताटात तांदूळ घेऊन निवडते ना, तसं. म्हणून मला 'वेचणी' शब्द जवळचा वाटतो. झीरीन आणि हेलिकॉन ही यासाठीची दोन सॉफ्टवेअर, त्यातली झीरीनची डीमॅप पद्धत किंवा हेलिकॉनची बी पद्धत सरळ वेचणीच करते, कुठली जागा कुठल्या फ्रेममधून घ्यायची याचा नकाशाच बनवते. हेलिकॉनची ए पद्धत मात्र भारित सरासरी काढते, तिथे वेचण्यापेक्षा मिसळणं जास्त. झीरीनची पीमॅक्स आणि हेलिकॉनची सी ह्या पिरॅमिडवाल्या, म्हणजे फोटो बारीक ते ढोबळ अशा थरांत फोडायचा आणि प्रत्येक थरात जो तपशील ठसठशीत तो घ्यायचा. केस, काटे, एकमेकांवरून गेलेले पाय असले की हीच बरी, फक्त नॉइज (दाणेदारपणा) आणि कॉन्ट्रास्ट वाढतो.
आणि नुसतं स्टॅकिंग म्हटलं तर आकाशाचे फोटो काढणारेही हाच शब्द वापरतात, पण त्यांचा फोकस एकच असतो, ते नॉइज घालवायला सरासरी काढतात. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे म्हणून मराठीतही तोच घोळ कशाला घालायचा?

प्रतिसाद ३
पटलं. पण चवड मी सोडणार नाही, फोटोंच्या गठ्ठ्याला चवड आणि क्रियेला वेचणी. मोठ्या स्टॅकचे आधी दहा-दहाचे तुकडे जुळवतात त्यांना 'पोटचवड' म्हणा, पोटकलम असतं तसं.

प्रतिसाद ६
केसांच्या कडेला जो पुसट उजळ पट्टा येतो, हेलो, त्याला 'प्रभावळ' म्हणायला हरकत नाही ना? देवाच्या मूर्तीमागची असते ती. मृगाच्या किड्याला हमखास येणार, अंगभर मखमल आहे त्याच्या.
बाकी कंपन्यांचंही एकमत नाहीये. वेगवेगळ्या फोकसचे फोटो ओळीने काढून देण्याला निकॉन 'फोकस शिफ्ट' म्हणतं, ऑलिंपस (आता ओएम सिस्टम) आणि कॅनन 'फोकस ब्रॅकेटिंग'. तिथे बहुतेक वेळा नुसते फोटो निघतात, वेचणी नाही. हा फरक लेखात नीट लिही ताई, नवीन लोक तिथेच फसतात, कॅमेऱ्यात ऑप्शन चालू केला म्हणजे आयता फोटो मिळेल असं वाटतं त्यांना.

प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे आभार. मथळ्यात 'फोकस स्टॅकिंग'च ठेवते, नाहीतर कोणाला शोधता येणार नाही. फोटोखाली लिहिते : '४२ फोटोंच्या चवडीतून वेचलेला मृगाचा किडा'.

प्रतिसाद ४
४२ ही सगळ्या घेतल्या होत्यास का? जिवंत किडा म्हणजे एखाद्या फ्रेममध्ये पाय हललेला असतोच, आठ पायांचे नऊ होतात.

प्रश्न विचारणारी
अरे हो, सतरावी काढून टाकली होती. ४१ करते.