मरण जवळून दिसलं, पुढे काय बदललं? (अनुभव लिहा)

दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट टाकले. आयसीयूत पडल्या पडल्या ठरवलं की आता ऑफिसची कटकट बास, मुलीला वेळ द्यायचा, बासरी शिकायची. तीन महिने मस्त चाललं आणि सहाव्या महिन्यात मी परत रात्री साडेदहाला मेल चाळत होतो, बासरी कपाटावर. म्हणून विचारतोय, प्रवचन नको, तुम्ही नक्की काय बदललं आणि ते टिकलं का?

रातराणी: माझी आई ७२ ची आहे, मी वर्षातून दोनदा जायचे. एकदा बसमध्ये बसून हिशोब केला, नव्वदीपर्यंत जगली असं धरलं तरी ३६ भेटी!! पोटात गोळाच आला. आता दर दोन महिन्यांनी जाते. दुसऱ्या दिवशी आमचं भांडण होतंच, ते काही सुटलेलं नाही.

शून्य: कॅन्सर होऊन चार वर्षं झाली. काही बदललं नाही, होतो तसाच आळशी आहे. फक्त नको त्या लोकांचे फोन उचलत नाही.

ड्यूटीवाली: मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारी पेशंटचा त्रास कमी करायचा विभाग) नर्स आहे, १४ वर्षं. लोकांना वाटतं पेशंट जाताना काहीतरी मोठं बोलून जातात, पण शेवटचे दिवस बहुतेक जण झोपेतच असतात हो, बोलायचं ते आधीच बोलून घ्यावं लागतं. एक आजोबा होते, भावाशी कित्येक वर्षं अबोला, एक दिवस म्हणाले फोन लावून दे. भाऊ पोचला तोवर आजोबा डोळे उघडत नव्हते. मी म्हटलं बोला तुम्ही, ऐकू येत असेल, तर तो माणूस दोन तास बसून लहानपणी दोघांनी मिळून मोडलेल्या सायकलबद्दल बोलत राहिला, बाकी कशाचा विषयच नाही. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं, त्या म्हणायच्या की दुखणं नुसतं शरीराचं नसतं. ट्रेनिंगमध्ये हे पाठ केलेलं, कळलं त्या दिवशी. घरी येऊन मी माझ्या भावाला मेसेज टाकला, त्याने नुसता अंगठा पाठवला. चालेल.

टपोरा_ढग: मित्र ४१ व्या वर्षी गेला, अचानक. वहिनींना त्याच्या फोनचा पिन माहीत नव्हता, बँकेत नॉमिनी म्हणून अजून त्याच्या वारलेल्या वडिलांचं नाव. मी त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं आणि पासवर्ड वहीत लिहून बायकोला दाखवले, ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

मधलीसुट्टी: धागाकर्ते, तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांचं काम यावरच आहे, वेळ थोडा उरलाय असं वाटलं की माणसं जवळच्यांकडे वळतात, आणि हे म्हाताऱ्यांचंच नाही, गंभीर आजारी तरुणांतही दिसलंय. तुम्ही बरे झालात, वेळ परत भरपूर वाटायला लागला, म्हणून मेल. (माझंही तेच झालं, अपघातानंतर. फरक इतकाच की मी रविवारपुरता लॅपटॉप ऑफिसातच ठेवून येतो, इच्छाशक्तीवर भरवसा नाही.)

धागाकर्ता: सगळ्यांचं वाचलं. काल बासरी खाली काढली. नुसतीच हवा जातेय, सूर नाही. मुलगी म्हणाली, बाबा दार लावून वाजवा, उद्या पेपर आहे.