व्यायाम वाढवायचा कसा? तुमचे अनुभव सांगा

जिम कोणतं, प्रोटीन किती, यावर बोलणं पुष्कळ होतं. मला ऐकायचंय ते असं: भार कसा वाढवलात, विश्रांती किती घेतलीत, शरीरानं काय साथ दिली?

सुरुवात मीच करते. पन्नाशीनंतर आमच्या प्रशिक्षक बाईंनी दोन किलोची डंबेल्स हातात दिली. बारा वेळा आरामात उचलता आली की मगच पुढचं वजन. आणि वजन वाढलं की आकडा थोडा खाली. आता गव्हाचं दहा किलोचं पोतं मी एकटी ओट्यावर ठेवते. रोजचं चालणं आधीही होतं, पण त्यानं दंडात ताकद आली नव्हती.

लालमाती, कोल्हापूर
नवीन पोरगं तालमीत आलं की वस्ताद जोर-बैठका मोजूनच मारायला लावतात, पोराची हौस कितीही असो. हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, उकरायचं कामही त्यालाच. फावड्यानं माती ओढताना पाठ, खांदे, मनगट सगळं भरतं आणि कुस्तीत तीच पकड कामी येते. जत्रा जवळ आल्या की बैठका कमी, लढती जास्त. दुपारची झोप मात्र कुणाला चुकवू देत नाहीत.

मैदानावरचा, बीड
मी पोलीस भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. बरीच पोरं रोज पाच-सहा किलोमीटर एकाच चालीनं पळतात. दम वाढतो, वेळ काही उतरत नाही. मी ४०० मीटर जोरात पळवतो, मग श्वास खाली बसेपर्यंत चालायला लावतो, की पुन्हा ४००. हे आठवड्यातून दोनदाच. मधल्या दिवशी गप्पा मारता येतील इतकं हळू. गोळाफेकीचंही तसंच. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, नुसत्या दंडानं जात नाही. जोर मांडीतून, कमरेतून वर यावा लागतो. म्हणून आमच्याकडे बैठका आधी, गोळा नंतर. आणि पोरांनो, डांबरी रस्त्यावर रोज पळू नका, नडग्या धरतात.

पळपुराण
मुंबई मॅरेथॉनच्या आधीचे दोन-तीन आठवडे मी अंतर घटवत नेतो. पाय शिवशिवतात, पण पळत नाही. परतीला पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा त्या विश्रांतीची किंमत कळते.

नवी_सभासद
टायफॉइडनंतर व्यायाम पार सुटलाय. डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे. पूर्वी करायचे तिथूनच सुरू करू का?

मैदानावरचा, बीड
नको ताई. पहिले दोन आठवडे निम्म्यानंच करा, एक दिवसाआड. सुटलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते, माझ्या मुलींमध्ये हे दरवर्षी बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जड वाटलं, तर त्या दिवशी फक्त चाला.